स्ट्रिक्ट मंडळी आणि झोअरचा प्याला

आमच्या चॅपलच्या दारावर पाटी आहे: 'रहोबोथ. स्ट्रिक्ट बॅप्टिस्ट मंडळी.' त्यातल्या 'स्ट्रिक्ट' या एका शब्दाने आयुष्यभर माझा जीव खाल्लाय. शाळेत मुली विचारायच्या, "केझी, तुमच्यात हसलं तर छडी मिळते का गं?" मागच्या उन्हाळ्यात पाटी पुन्हा रंगवून घेतली, तेव्हा रंगारीसुद्धा शिडीवरून ओरडला, "बाई, हा शब्द जरा बारीक काढू का? माणसं तरी आत येतील!" मला हसू फुटलं. माझा नवरा खाली शिडी धरून उभा होता, त्याला नाही फुटलं. "होता तसाच काढ," म्हणाला.

माझा नवरा म्हणजे सायलस होबडेन, मंडळीचा डीकन. कायमचा पाळक ठेवणं आम्हाला परवडत नाही. दर रविवारी कुणी ना कुणी पाहुणे उपदेशक येतात, पण कारभार सगळा सायलसचा. आणि त्या शब्दावर कुणी बोललेलं त्याला खपत नाही. गावात लोक तो कशालाही लावतात. डॉक्टरचं पथ्य स्ट्रिक्ट, शाळेतल्या बाई स्ट्रिक्ट. टपाल कचेरीतली बाई कानाशी येऊन म्हणते, "हे स्ट्रिक्टली आपल्या दोघींतच हं," आणि चहाच्या वेळेपर्यंत ते अख्ख्या मार्लहर्स्टला ठाऊक झालेलं असतं. सायलस म्हणतो, हे सगळे उष्टावलेले अर्थ.

त्याला खरा अर्थ आमचे शेवटचे कायमचे पाळक बॉटिंग यांनी सांगितला होता, आमचं लग्न ठरलं त्या वर्षी. शब्द मूळचा लॅटिन. ओढून, ताणून घट्ट बांधलेलं, असा त्याचा अर्थ. रागीट, खडूस, हे मागाहून चिकटलं. आणि आमच्या पाटीवर तो एवढंच सांगतो की प्रभुभोजनाचं मेज असं बांधलेलं आहे. ज्याने बाप्तिस्मा घेतला, मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, आणि सगळ्या सभासदांनी हात वर करून ज्याला आत घेतलं, त्यानेच ती भाकर खायची, त्या प्याल्यातून प्यायचं. बाकीच्यांनी उपदेश ऐकावा, गाणी गावीत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मेज मांडलं की उठून बाहेर जावं. बाहेर ओसरीत दगडी बाक आहे.

सायलसला हे एकदम पटलं, कारण तो हॉप्सच्या, म्हणजे बिअरला लागणाऱ्या वेलींच्या, मळ्यातला माणूस. दर वसंतात खांबांवरून दोऱ्या ताणायचं काम त्याचं. सैल बांधली तर वेल घसरते, आणि त्याच्या हातची दोरी कधी सैल निघाली नाही. तेव्हापासून आमच्या घरात सगळं ताणलेलं. रविवारचे बटाटे शनिवारी सोलायचे, बूट शनिवारी पुसायचे, आणि रविवारी माझ्या हातात विणकामाची सुई दिसली तर त्याचं तोंड असं व्हायचं की जणू मी चोरीच करतेय! मी म्हणायची, "सायलस, जरा सैल सोड रे, माणसं आहोत." पण मी त्याला ओळखते. तो दुष्ट नाही. त्याला भीती वाटते, आपल्या हातून एक गाठ सुटली तर सगळंच सुटेल अशी.

ऑक्टोबरात त्याची थोरली बहीण कायमची आमच्याकडे राहायला आली. टॅबिथा एकहर्स्ट, माझ्या वन्सं. लग्न होऊन त्या नेटलहॅचला गेल्या आणि तिथल्या झोअर चॅपलच्या सभासद झाल्या. तेही स्ट्रिक्ट, आमच्याहून काकणभर जास्तच. पण माणसं म्हातारी होत गेली, एकेक मातीत गेलं, शेवटी वन्सं एकट्या उरल्या. चॅपल विकलं गेलं. लंडनच्या कुणीतरी शनिवार-रविवार राहायला घेतलं. जिथे बाप्तिस्म्याचं कुंड होतं तिथे आता त्यांची न्हाणी आहे म्हणे.

वन्संच्या पेटीत कपडे थोडे, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक प्याला. झोअरचा प्रभुभोजनाचा प्याला, कथलाचा, काठाला एक पोचा पडलेला. "विकायचं सामान मांडलं तेव्हा मी हा पिशवीत टाकला," त्या म्हणाल्या. "चोरी म्हण हवं तर. झोअर मंडळी म्हणजे मीच ना आता? मग मी माझंच चोरलं."

"वन्सं, इथे पहिल्या रविवारी आमच्याबरोबर बसा म्हणजे झालं," मी म्हटलं.

"बसायचंय गं," त्या म्हणाल्या. "झोअर बंद झाल्यापासून तोंडात ती भाकर नाही. मरण्याआधी बसायचंय. दुसरं मला काही नको."

मला वाटलं, यात काय अडचण? बाई जन्मभर सभासद, डीकनची सख्खी बहीण. पण सायलसने चमचा बशीत ठेवला.

"ताई, पत्र लागेल."

एका मंडळीतून दुसरीत जायचं तर पहिलीने पत्र द्यायचं असतं, की ही भगिनी आमची, हिचं वागणं चांगलं, हिला तुमच्यात घ्या. रीत तशी आहे खरी.

"कुणाचं पत्र रे?" वन्सं म्हणाल्या. "मंडळीच नाही उरली."

"तीच तर अडचण आहे."

"मग मीच लिहिते. 'प्रिय बंधूंनो, आमची टॅबिथा गुणाची आहे, फक्त घोरते. सही, टॅबिथा, सगळी झोअर मंडळी.' चालेल?"

मी पोट धरून हसले. सायलस मान खाली घालून चहा ढवळत राहिला, साखर घातलेली नसताना.

"मग साक्ष द्यावी लागेल, ताई. नव्याने. सगळ्यांपुढे."

"एकोणीस वर्षांची होते तेव्हा दिलीय मी ती."

"झोअरमध्ये. इथे नाही."

रात्री मी त्याला धरलं. तुझं नाक जिने पुसलं तिची परीक्षा घेणार का तू, लाज वाटत नाही? त्याने बूट काढून खाटेखाली सरकवले. मग म्हणाला, "आणि जेबेझला काय सांगू?"

जेबेझ विकन्स आमचा दुसरा डीकन. मळणीयंत्रावर काम करून त्याचे कान गेले. त्याची बायको रूथ फार लाजरी होती. ती एकदा साक्ष द्यायला उभी राहिली, तेव्हा सभेचा अध्यक्ष सायलसच. तो नवाच डीकन झाला होता. त्याने विचारलं, तुमच्यावर कृपा कधी झाली? रूथ म्हणाली, हळूहळू. "हळूहळू म्हणजे कधी? कुठल्या उपदेशात? कुठल्या वचनाने?" तिला सांगता येईना. ती रडायला लागली, आणि सायलसने ठरवलं की अजून वेळ आलेली नाही. ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. मेज मांडलं की उठायची, ओसरीतल्या बाकावर जाऊन बसायची, आणि जेबेझ आत भाकर खायचा. अशी कैक वर्षं गेली आणि ती तशीच मेली.

"दुसऱ्याच्या बायकोला दोरी घट्ट आणि माझ्या बहिणीला सैल?" सायलस म्हणाला. "त्याच्या तोंडाकडे कसं बघू मी?"

मी कूस बदलली.

सभा तीन महिन्यांनी भरते, ती जानेवारीत झाली; तोवर पहिल्या रविवारी सायलसने सांगितलं की वन्सं ओसरीत जाऊन बसायच्या. शेगडीभोवती आम्ही सात सभासद. सायलस उठला आणि म्हणाला, "भगिनी एकहर्स्ट, तुम्ही उभ्या राहून मंडळीला सांगा." तुम्ही! घरून निघताना वन्संच्या बुटांच्या नाड्या त्यानेच बांधल्या होत्या.

वन्सं उभ्या राहिल्या. सुरुवात छान केली. नेटलहॅचची दुधाची डेअरी, रविवारची संध्याकाळ, चॅपलमध्ये दिवे लागलेले, उपदेशक कोण होते, त्यांच्या कोटाचं बटण कसं लोंबत होतं, सगळं. "आणि मग ते वचन आलं," त्या म्हणाल्या, "ते माझ्या काळजात असं शिरलं, की..." आणि थांबल्या.

"कुठलं वचन?" सायलसने विचारलं.

वन्संनी ओठ हलवले. टोपीची रिबन चाचपली. "आत्ता होतं रे इथे," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर म्हटलं मी ते. रोज म्हणते."

वन्संच्या मानेवर लाल डाग उठत गेले, लहान मुलीसारखे. ते वचन मला ठाऊक होतं! त्या रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ते पुटपुटायच्या. मी तोंड उघडलं, तर सायलसने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. मी तोंड मिटलं. का मिटलं? त्याला भ्यायले, का मंडळीला, देव जाणे. पण मिटलं, आणि अजून त्याची लाज जात नाही.

"आपण हे पुढच्या सभेवर ठेवू," सायलस म्हणाला.

आम्ही गाडीने घरी आलो. दारात उतरताना वन्संना वचन आठवलं. त्यांनी ते सबंध म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. "बघ," त्या सायलसला म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि गाडी शेडमध्ये लावायला गेला. शेडमधून यायला त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी वन्सं चुलीशी बटाटे सोलत बसल्या होत्या. सायलस आत आला तसं त्या म्हणाल्या, "सायल्या, दोरी कशाला ताणतोस रे तू मळ्यात?"

"वेल चढावी म्हणून."

"हं. वेलच नसेल तर? नुसती दोरी ताणून वाऱ्यात वाजवत बसतोस का?"

तो उलट पावली बाहेर गेला. मला वाटलं, आता पाघळेल. पण नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी चॅपलची भांडी घासत होते. भोजनाचा आमचा प्याला काचेचा, जुना. हातातून निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. आता? दुकानं बंद. मी रडकुंडीला आले. वन्सं आत गेल्या आणि टॉवेलातलं आपलं गाठोडं घेऊन आल्या. "हा घ्या," म्हणाल्या. "पेटीत पडून काय करायचाय? प्याला वापरात असावा." त्यांनी स्वतः बसून तो लखलखीत घासला. सायलस दारात उभा राहून बघत होता. त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणायचंही धारिष्ट नव्हतं. तो नुसता खाकरला.

रविवारी कडाक्याची थंडी. उपदेश झाला, शेवटचं गाणं झालं. सायलस मेजाशी आला, पांढरं कापड काढलं. भाकर, आणि शेजारी झोअरचा प्याला. तो नेहमीचं वाक्य बोलणार, जे भोजनाला थांबत नाहीत त्यांनी आता बाहेर जावं, तेवढ्यात वन्सं आपणच उठल्या. भावाला ते बोलावं लागू नये म्हणून उठल्या, हे मला कळलं. हातमोजे घातले, काठी घेतली आणि चालत गेल्या. त्या दाराची खिटी नीट बसत नाही, ते जरा उघडंच राहिलं. फटीतून मला बाकाचं टोक आणि त्यांच्या कोटाची कड दिसत होती.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या प्याल्यातून आम्ही पिणार, आणि त्या बाहेर दगडावर! पण उठले का मी? नाही. भाकर आली, घेतली. चावून गिळली.

मग सायलस प्याला घेऊन फिरू लागला. पहिला जेबेझ. जेबेझने प्याला हातात घेतला, तोंडापाशी नेला आणि थांबला. काठावरचा पोचा अंगठ्याने चाचपला.

"हा आपला नाही," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा, मोठ्यांदा.

"आपला फुटला," सायलस हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

"फुटला! आपला फुटला!"

"मग हा कुणाचा?"

"झोअरचा."

"कुणाचा?"

"झोअरचा! ताईचा! टॅबिथाचा!"

"हां," जेबेझ म्हणाला. प्याला तसाच हातात. "आणि टॅबिथा कुठंय?"

पाहुणे उपदेशक आपल्या बुटांकडे बघू लागले. सायलसच्या कपाळावर त्या थंडीत घाम दिसला मला.

"बाहेर," तो पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं."

"बाहेर आहे."

"मोठ्याने बोल सायलस, मी बहिरा माणूस."

"बाहेर!" सायलस ओरडला. "बाहेर आहे ती! बाहेर!"

चॅपल रिकामं, छत उंच. तो शब्द घुमला आणि दाराच्या फटीतून ओसरीत गेला. मग बाहेरून वन्संचा आवाज आला, अगदी साधा, चहा हवा का विचारावं तसा.

"इथे आहे रे मी. माझी काळजी नको. चालू द्या तुमचं."

माझा नवरा मी इतक्या वर्षांत कधी तसा पाहिला नव्हता. चेहरा आधी लाल, मग राखेसारखा. जेबेझने न पिता प्याला त्याच्या हातात परत दिला. सायलसने तो घेतला, वळला, आणि मधल्या वाटेने सरळ दाराकडे चालू लागला. मीही उठले आणि मागे गेले. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं बरं काम ते तेवढंच.

वन्सं बाकावर काठीवर हात ठेवून बसल्या होत्या, नाकाचा शेंडा निळा. सायलसने प्याला पुढे केला. "घे, ताई."

त्यांनी प्याल्याकडे पाहिलं. त्या बाईला त्याची किती भूक होती ते मी रोज बघत होते. हात उचलला, आणि परत काठीवर ठेवला.

"मत घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग आत ने तो. झोअरमध्ये असलं चालत नव्हतं." मग आवाज जरा उतरला. "दयेने नको रे मला, सायल्या. सगळ्यांनी बोलावलं तर येते."

सायलस आत गेला; मी दारातून बघत होते. मेजाशी उभा राहून म्हणाला, "भगिनी... माझी बहीण टॅबिथा." पुढे त्याला बोलता येईना. उपदेशक म्हणाले, "ज्यांना ती हवी त्यांनी हात वर करा." सगळ्यांत आधी जेबेझचा हात वर गेला. ते वाक्य मान खाली घालून, हळू आवाजात बोललेलं, त्याला कसं ऐकू आलं हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

मी वन्संना हाताला धरून आत आणलं. कुठे बसावं म्हणून त्या बघत होत्या. जेबेझने आपल्या शेजारची मोकळी जागा हाताने झाडली. रूथ गेल्यापासून त्या जागेवर कुणी बसत नसे. वन्सं तिथे बसल्या. भाकर त्यांनी सावकाश खाल्ली, आणि प्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

मी सायलसला शोधलं. तो आत नव्हता. दाराच्या फटीतून बाकाचं टोक दिसत होतं, आणि त्यावर त्याचा काळा कोट. डीकनने मेज सोडून जायचं नसतं. उपदेशकांनी प्याला संपवला, शेवटची प्रार्थना झाली, आणि तेवढा सगळा वेळ तो त्या दगडावर बसून होता.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. वन्संनी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि पुढे झाल्या. बाकीची माणसं फाटकापाशी रेंगाळली होती, एरवीसारखी. जेबेझ शेवटी आला. सायलस उठून त्याच्या आडवा झाला. टोपी हातात, चुरगळलेली.

"जेबेझ," तो अगदी खाली मान घालून म्हणाला, "रूथच्या बाबतीत माझं चुकलं."

जेबेझने कानामागे तळवा धरला. "काय?"

"चुकलं माझं. रूथचं."

"ऐकू नाही आलं."

फाटकापाशी सगळे बघत होते. रस्त्यावरून डेअरीवाली बाई सायकल हातात धरून चालली होती, तीही थांबली. सायलसने मान वर केली, आणि जन्मभर स्वतःला घट्ट आवळून धरलेला तो माणूस सगळ्या मार्लहर्स्टला ऐकू जाईल असा ओरडला:

"मी चुकलो! तुझी रूथ चांगली होती, जेबेझ! ती आत असायला हवी होती! मी तिला बाहेर बसवलं!"

जेबेझने कानामागचा हात खाली घेतला. कोटाची बटणं लावली, सावकाश, खालून वरपर्यंत.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं मला," तो म्हणाला, आणि दफनभूमीच्या बाजूला, रूथकडे चालू लागला.